घर त्याच्या ओळखीचे आहे

नमस्कार, श्रोतेहो.

घराच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर चोर येतो. चोराला घर अनोळखी असते, उजेडाची आणि आवाजाची त्याला धास्ती असते आणि एक दार अवघड दिसले की तो पुढच्या घराकडे वळतो. नवऱ्याची मारहाण सोसून अखेर वेगळे राहू लागलेल्या स्त्रीच्या दाराशी जो येतो, त्याला मात्र दुसरे घर नकोच असते. मागच्या दाराची कडी सैल आहे, जादा चावी तुळशीच्या कट्ट्यामागे असते, मुलगी शिकवणीहून किती वाजता परतते, हे सारे त्याला पाठ असते. शिवाय वेगळे होण्याचा काळ हाच अशा संबंधांतला सर्वाधिक धोक्याचा काळ असतो. म्हणून अशा घराचा बंदोबस्त करताना त्याला या घराविषयी काय काय ठाऊक आहे, तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

पहिले काम कुलपांचे. चाव्या परत मागून उपयोग नाही, कारण चावी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे काही मिनिटांत बनते. कुलूप किंवा निदान लॅचचा आतला सिलिंडर बदलावा. पण कुलूप कितीही भारी घेतले तरी कोयंडा ज्या चौकटीत बसवला आहे ती वाळवीने पोखरलेली असेल, तर एका लाथेत कुलपासकट कोयंडा हातात येतो. नागपूरच्या महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत हे फार दिसते. सुताराला बोलावून कोयंड्याचे आखूड स्क्रू काढून आरपार नट-बोल्ट बसवून घ्यावेत, नटाची बाजू आत ठेवावी आणि दाराला आतून आडवा अडसर लावावा. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांच्या पिना ठोकून निघतात, तेही पाहून घ्यावे. दारात बाहेर पाहायचे भिंग नसेल तर ते आधी बसवा; साखळी त्यानंतरची, कारण साखळीच्या भरवशावर दार किलकिले करणे हाच मोठा धोका आहे.

नागपूरकरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, ती कुलरची. एप्रिल उजाडला की आपण खिडकीची तावदाने उघडतो, कुलरसाठी ग्रिल कापलेले असते आणि बाहेर लोखंडी स्टँडवर कुलर नुसता टेकवलेला असतो. तळमजल्यावर तो कुलर बाजूला सरकवला की माणूस सहज आत शिरेल एवढी वाट मोकळी होते. वेल्डरकडून त्या मोकळ्या जागेत आतल्या बाजूने पक्के ग्रिल बसवून घ्यावे. हवा अडत नाही, माणूस अडतो. दुसरी अडचण आवाजाची. कुलर चालू असताना कडी वाजलेली ऐकू येत नाही, म्हणून दार उघडताच वाजणारा, बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म मागच्या दाराला लावणे या शहरात विशेष गरजेचे आहे. गच्चीवर झोपण्याची सवय असेल तर जिन्याचे दारही याच हिशेबात धरावे. विजेचा मीटर आणि मेन स्विच बहुधा बाहेरच्या भिंतीवर असतो. रात्री वीज गेली तर आधी खिडकीतून शेजाऱ्यांचे दिवे पाहावेत. फक्त आपलेच घर अंधारात असेल तर स्विच पाहायला बाहेर न पडता फोन करावा.

मात्र घराचा तुरुंग होता कामा नये. सगळ्या खिडक्यांना पक्के ग्रिल आणि बाहेर पडायला एकच दार, अशी रचना आग लागली तरी घातक आणि तो आत शिरला तरी घातक. दुसरी वाट हवीच. वाद पेटला तर स्वयंपाकघरात जाऊ नये, तिथे सुरी-विळी हाताशी असते.

आता मोबाईल. लग्न टिकून असताना पासवर्ड दोघांना ठाऊक असतात, सिमकार्ड त्याच्या नावावर असते, घरातला कॅमेरा त्याच्याच मोबाईलवर दिसतो, गॅस सिलिंडरचा निरोपही त्याच्याच नंबरवर जातो. हे सर्व एका रात्रीत बंद केले तर त्याला लगेच कळते आणि तो चवताळतो. म्हणून आधी विश्वासातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून नवे खाते उघडावे, सल्ला घ्यावा आणि मग जुने धागे तोडावेत. हे भाषण ज्या घरात लागले आहे तिथे तोही ऐकत असू शकतो, याची मला जाणीव आहे. म्हणून कागदपत्रे आणि जादा चावी कुठे ठेवावी हे मी सांगणार नाही. ती घराबाहेर असावीत, इतकेच.

आणि कायद्याचे काय? घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर आपण होऊन कुलूप बदलण्याआधी न्यायालयाचा आदेश हाती असणे चांगले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा. त्याच्या कलम १९ खाली दंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात आणि जवळच्या पोलीस ठाण्याला संरक्षणाचे निर्देश देऊ शकतात. निकड असेल तर कलम २३ खाली त्याचे म्हणणे ऐकण्याआधीही अंतरिम आदेश मिळू शकतो. घर सासऱ्यांच्या मालकीचे आहे एवढ्यावरून तिचा राहण्याचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

इंग्लंडमध्ये ‘सँक्चुअरी’ नावाच्या योजनांत अशा स्त्रीचे दार, कुलूप, खिडक्या स्थानिक यंत्रणा भक्कम करून देतात. आपल्याकडे सुताराचे बिल बहुधा माहेरचा भाऊ भरतो, आणि भाऊ नसेल तर चौकट तशीच राहते. वस्तीतल्या महिला मंडळांनी हा खर्च वर्गणीतून उचलायला हरकत नसावी.

आदेशाची एक प्रत जवळ, एक मुलांच्या शाळेत आणि सोसायटी असेल तर एक चौकीदाराकडे, नवऱ्याच्या फोटोसह द्यावी. तातडीला ११२, सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. नागपूर पोलिसांचा महिलांच्या मदतीसाठीचा भरोसा सेल आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठीचे सरकारी सखी केंद्र इथेही जाता येते. शेजारच्या एका घराशी खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, आणि तो शब्द ऐकू येताच विचारपूस करायला न येता आधी ११२ लावायचा, हे त्यांना आजच सांगून ठेवावे.