चपळ पायांचा अकिलीस बसलाय का?

मंडळी, मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय ‘होमर आणि आजचा वाचक’, त्यावर मी येणारच आहे, पण आधी एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही, आणि खरं म्हणजे गेली कित्येक वर्षं ती मनात सलतेय.

एका दिवाळी अंकासाठी मी इलियडच्या, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या, पहिल्या सर्गाचा काही भाग ग्रीकमधून मराठीत केला होता. अंकाचं नाव राहू दे. प्रसंग तुम्हाला माहीतच आहे, ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेल्या ब्रिसेइस या बंदिनीला काढून घेतो, ग्रीकांचा सर्वांत मोठा वीर अकिलीस भडकतो, लढाई सोडतो आणि आपल्या जहाजांपाशी जाऊन बसतो. तिथल्या ४८८ आणि ४८९ या दोन ओळी मी अशा केल्या होत्या: ‘पण तो वेगवान जहाजांपाशी बसून धुमसत राहिला, देवकुळीचा पेलेउसपुत्र, चपळ पायांचा अकिलीस.’ प्रूफ हातात आलं तर ‘चपळ पायांचा’ गायब! पुढे बघते तर एकीकडे ‘शीघ्रगती’, दुसरीकडे ‘वायुवेगी’, आणि दोन ठिकाणी नुसताच अकिलीस. लगेच फोन लावला. संपादक म्हणाले, ‘ताई, एकदा सांगितलंत ना तो चपळ आहे म्हणून, मग सारखं सारखं कशाला? वाचक कंटाळतो हो. आणि इथे तर तो बसलाय, बसलेल्या माणसाला चपळ काय म्हणायचं?’ मी म्हटलं, अहो बसलाय म्हणूनच तर! चांगला अर्धा तास आमची वादावादी झाली, मी त्यांना म्हटलं की गणपतीत ‘जय देव जय देव’ दर कडव्याला म्हणतो तेव्हा कुणी विचारतं का, मघाशी म्हटलं ना, परत कशाला? तर म्हणे, ते गायचं असतं, हे वाचायचं आहे. शेवटी छापलं त्यांच्याच मनासारखं. तो अंक अजून माझ्याकडे आहे, त्या पानांवर पेन्सिलीनं मी सगळी विशेषणं परत लिहून ठेवली आहेत.

पण त्यांचं ते एक वाक्य बघा, ‘ते गायचं असतं, हे वाचायचं आहे’. सगळं घोडं तिथेच अडलंय. आणि ते सोडवायला जो माणूस धडपडला त्याच्याबद्दल मला आज बोलायचंय.

मिल्मन पॅरी, होमरचा अमेरिकन अभ्यासक. जन्म १९०२, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. १९२८ मध्ये, म्हणजे अवघ्या सव्विसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यानं होमरच्या विशेषणांवर फ्रेंचमध्ये प्रबंध सादर केला. तोवर काय चाललं होतं, तर होमर एक होता की अनेक, कुठली ओळ खरी, कुठली मागून घुसडलेली, १७९५ मध्ये वोल्फ या जर्मन विद्वानानं हा वाद पेटवला तो विझायलाच तयार नव्हता. पॅरीनं वेगळंच केलं, त्यानं मापं घेतली. होमरची ओळ सहा गणांची, लघु-गुरूच्या हिशेबात बसवलेली, आपल्याला वृत्तं माहीत आहेत त्यामुळे हे समजायला जड नाही. आता ओळीच्या शेवटी ओदुस्सेउस, म्हणजे होमरच्या दुसऱ्या काव्याचा, ओडिसीचा नायक, त्याचं नाव आणायचंय. थोडीच जागा उरली असेल तर ‘दीओस ओदुस्सेउस’, म्हणजे तेजस्वी ओदुस्सेउस, ग्रीक उच्चाराच्या हिशेबानं पाच अक्षरं. जरा जास्त जागा असेल तर ‘पोलुमेतिस ओदुस्सेउस’, पुष्कळ युक्त्यांचा, सात अक्षरं. त्याहून जास्त असेल तर ‘पोलुत्लास दीओस ओदुस्सेउस’, पुष्कळ सोसलेला, आठ. आता अकिलीस घ्या. ‘दीओस अखिल्लेउस’ पाच. ‘पोदास ओकुस अखिल्लेउस’, तोच आपला चपळ पायांचा, सात. ‘पोदार्केस दीओस अखिल्लेउस’, आठ. मापाला माप! ट्रॉयचा वीर हेक्टर, त्याचंही तसंच, इतर वीरांचं आणि देवांचंही बरंचसं तसंच, आणि एका मापाला शक्यतो एकच विशेषण, दुसरं नाही. पॅरी म्हणाला, हे एका माणसाच्या डोक्यातून निघूच शकत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पहाटेपर्यंत वहीत ओळी मोजत बसले होते, दर ओळीला वाटायचं आता चुकेल, आता चुकेल, आणि चुकत नव्हतं.

पण कागदावर मोजून झालं, हे गाणाऱ्या पिढ्यांचं काम म्हटलं, तरी प्रश्न राहिलाच, की लिहितावाचता न येणारा माणूस खरंच हजारो ओळी गाऊ शकतो का? पॅरीचे गुरू आंत्वान मेये यांनी सुचवलं आणि हा पठ्ठ्या १९३३ मध्ये थेट युगोस्लाव्हियात गेला, १९३४-३५ मध्ये परत गेला, सोबत अल्बर्ट लॉर्ड हा त्याचा विद्यार्थी. तिथे गुस्ले नावाचं एका तारेचं वाद्य वाजवत गाणारे गायक होते. रेकॉर्डिंगच्या एका तबकडीवर जेमतेम काही मिनिटं मावायची आणि गायक तर थांबायचा नाही, म्हणून पॅरीनं दोन तबकड्यांचं यंत्र करून घेतलं, एक भरत आली की खटका दाबून दुसरी सुरू. अल्युमिनियमच्या तबकड्या, साडेतीन हजारांवर, आज हार्वर्डमध्ये आहेत.

तिथे बियेलो पोल्ये या गावी त्याला भेटला अव्दो मेजेदोविच. खाटीक, साठीच्या आसपासचा, अक्षरओळख नाही. आता ही गोष्ट नीट ऐका, मला ही फार आवडते. पॅरीनं मुमिन नावाच्या दुसऱ्या गायकाला अव्दोसमोर एक गाणं गायला लावलं, अव्दोनं ते आधी कधीच ऐकलेलं नव्हतं. मुमिनच्या ओळी झाल्या २,२९४. मग अव्दोला विचारलं, तुला येईल का हे? आणि अव्दोनं तीच कथा गायली, ६,३१३ ओळींत! पाठांतर म्हणावं तर ऐकलं त्याच्या जवळजवळ तिपटीला पोचलं कसं? तो गाता गाता रचत होता, तयार शब्दसमूह हाताशी होते आणि त्यांच्या आधारानं घोड्याची सजावट, नायकाच्या मनातलं दुःख, सगळं फुलवत होता. पुढे त्यानं दुसरं एक काव्य सांगितलं ते बारा हजार ओळींच्या वर गेलं, म्हणजे जवळजवळ ओडिसीएवढं. पॅरी परतला आणि डिसेंबर १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात बंदुकीची गोळी लागून गेला. वय तेहतीस. पुढचं सगळं लॉर्डनं उभं केलं, त्याचं पुस्तक यायला १९६० उजाडलं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं म्हणतायत. ठीक आहे, भराभर बोलते.

तर आजचा वाचक. इंग्रजी अनुवादकांच्या दोन वाटा दिसतात. लॅटिमोरनं १९५१ च्या इलियडमध्ये विशेषणं जवळपास जशीच्या तशी परत परत ठेवली. उलट एमिली विल्सननं २०१७ च्या ओडिसीत गुलाबी बोटांची पहाट दर वेळी वेगळ्या शब्दांत आणली, आणि का तेही सांगितलं, की ऐकणाऱ्या समाजात पुनरुक्ती आधार देते, पण वाचणाऱ्या समाजात तेवढा भाग डोळे गाळून पुढे जातात. विचार करून घेतलेला निर्णय आहे तो, मला तिच्याबद्दल आदर आहे, पण पटत नाही. डोळे गाळतात म्हणून कानाचं काढून टाकायचं? मराठीत तर नाहीच नाही, आपण अजून मोठ्यानं वाचणारे लोक आहोत.

आणि इथे पॅरीशीही माझं भांडण आहे. तो म्हणायचा, विशेषण जागा भरायला आलंय, त्या क्षणाशी त्याचा संबंध नाही. जागा भरायला आलं हे कबूल, पण ऐकणाऱ्याच्या मनात ते साठत जातं त्याचं काय? पहिल्या सर्गात चपळ पायांचा माणूस बसलाय, शेजारी वेगवान जहाजंही उभीच आहेत. हे पाय, पाय, पाय आपण ऐकत राहतो आणि बाविसाव्या सर्गात तेच पाय हेक्टरच्या मागे ट्रॉयला तीन फेऱ्या घालतात. होमर तिथे सांगतो, शर्यतीत पायांना बक्षीस म्हणून यज्ञाचा पशू मिळतो, बैलाचं कातडं मिळतं, तसलं काही हे दोघं मिळवायला निघाले नव्हते, ते धावत होते ‘घोडे माणसाळवणाऱ्या हेक्टरच्या’ प्राणासाठी. ‘हेक्तोरोस हिप्पोदामोयो.’ ओळीच्या शेवटी, नेहमीच्या जागी.

हे दोन शब्द तेवढे लक्षात ठेवा. आता चोविसावा सर्ग, ओळ ८०४, इलियडची अगदी शेवटची. हेक्टरचं दहन झालंय, हाडं सोन्याच्या पेटीत ठेवून वर दगड रचलेत, जेवणं झालीत. आणि मग: ‘असे त्यांनी अंत्यसंस्कार केले, घोडे माणसाळवणाऱ्या हेक्टरचे.’ तेच दोन शब्द, त्याच जागी. एवढ्या मोठ्या काव्याचा शेवटचा शब्द ‘हिप्पोदामोयो’ आहे, विशेषण आहे. माझा चोविसावा सर्ग आता पुरा होत आलाय, आणि तो मी ज्यांच्याकडे देईन त्यांना आधीच सांगणार आहे की ह्या शब्दाला पेन लावायचं नाही.