परतीची वाट

चावी फिरवली, आतून नुसतं 'कट्' झालं, की आजूबाजूचे सगळे एका सुरात सांगतात, "बॅटरी गेली." आजचा विषय तोच आहे, पण आधी माझ्या डिझेल गाडीचं ऐका.

एका वर्षात तिच्या दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. दुपारी इंजिन कोमट असलं की कुरकुरत सुरू व्हायची, सकाळी मात्र ढिम्म. मेकॅनिकने मीटर लावला, १२.६ व्होल्ट. बॅटरी भरलेली, मग सेल्फच, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटरच, खराब असणार! सेल्फ उतरवला, टेबलावर बॅटरीला जोडला, तर झकास फिरला. परत बसवला, पुन्हा कट्. शेवटी मी एकाला चावी मारायला बसवलं आणि मग इंजिनला आवळलेल्या अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, जाड केबलच्या टोकाला बोट लावलं. चटका बसला! बोल्ट सोडला तर वॉशरखाली गंज आणि हिरवट पूड. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं, आवळलं. तीच बॅटरी, तोच सेल्फ, आणि गाडी पहिल्या झटक्यात उचलली. दोन चांगल्या बॅटऱ्या उगाच भंगारात गेल्या, याचा राग मला अजून येतो.

सेल्फ ३०० अँपिअर ओढत असेल आणि वाटेत ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असेल, तरी ३ व्होल्ट तिथेच जळतात. गाडी बंद असताना करंट वाहत नाही, म्हणून मीटर १२.६ दाखवतो. त्यात डिझेलला स्पार्क नाही. हवा सोळा ते बावीस पट दाबून तापवायची, तीही झपाट्याने. सेल्फ रेंगाळला की हवा तापतच नाही.

म्हणून मोजायचं ते चावी मारतानाच. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की दोष सापडला. पॉझिटिव्ह बाजूही अशीच तपासायची.

पाच मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो. चावी मारताना बॅटरीच्या खुंटांवरच ९.६ च्या खाली गेलं, तर बॅटरीवर संशय घ्या. नुसतं कट् होतं आणि व्होल्टेज हलतही नाही? सॉलिनॉइडचे, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचचे, तांब्याचे संपर्क जळलेले असू शकतात. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय, जळत नाहीये. थंड इंजिन आतून तापवणाऱ्या हीटर प्लगना जोडणारी पट्टी काढून एकेक प्लग मोजा. साधारण एक ओहमच्या आसपास यायला हवा, काहीच आलं नाही तर तो मेलेला. धूरच नसेल तर जुन्या पंपावर डिझेल बंद करणारा सॉलिनॉइड असतो, त्याला चावी लावल्यावर १२ व्होल्ट मिळतात का ते बघा.

प्रश्न बाहेर घेऊ. मीटर माझ्या पिशवीत आहे. ज्यांनी गाडी आणली आहे त्यांनी बोनेट उघडून ठेवा.