बँजोची जुनी पानं वाटून घेताना

नमस्कार श्रोतेहो. बँजो म्हणजे कातडं मढवलेलं, लांब मानेचं, पाच तारांचं वाद्य. साधारण १८८० ते १९२० या काळात अमेरिकेत आणि इंग्लंडात बँजोसाठी मार्च, वॉल्ट्झ, पोल्का, रॅगटाइम असं भरपूर संगीत छापलं गेलं. फिलाडेल्फियाचे एस. एस. स्टुअर्ट तर बँजो बनवत, त्याच्या सुरावटी छापत आणि वर स्वतःचं नियतकालिकही काढत. ती पानं आज स्कॅन होऊन वादकांमध्ये फिरतात. पण नुसतं स्कॅन पुढे ढकललं की काम झालं, असं मला वाटत नाही.

कारण सांगतो. त्या काळच्या अमेरिकी छपाईत बँजोच्या तारा चौथीपासून पहिलीपर्यंत ए, ई, जी शार्प, बी अशा धरलेल्या, आणि आखूड पाचवी तार ई. प्रत्यक्षात मात्र वाद्य चढत चढत तीन सेमीटोन, म्हणजे तीन अर्धस्वर, वर गेलं होतं: सी, जी, बी, डी, आणि आखूड तार जी. वाद्य चढलं, कागद जागच्या जागीच राहिला! आजचा वादक ते पान जसंच्या तसं वाचायला बसला, की घोटाळा झालाच. पानावरचा बी म्हणजे मोकळी पहिली तार. हा दुसरी तार छेडतो. आखूड तारेचा ई तो पहिल्या तारेवर दुसऱ्या पडद्याशी शोधतो. अंगठ्याची सगळी चाल गेली. म्हणून नवी प्रत करताना सगळं तीन सेमीटोन वर न्यायचं. ए मेजरचे तीन शार्प, म्हणजे स्वर अर्ध्याने चढवणाऱ्या खुणा, जातात आणि पान सी मेजरमध्ये स्वच्छ दिसू लागतं.

आता खरी मेख. मोकळी पाचवी तार आणि पहिल्या तारेचा पाचवा पडदा, दोन्हींचा सूर एकच. कोणता घ्यायचा, हे जुना छापखाना स्वराला एक जादा दांडी जोडून सांगे. धूसर स्कॅनमध्ये ती दांडी हमखास पुसट होते. ती भिंगातून पाहा, आणि नाहीच दिसली तर अंदाज केला असं तिथे लिहा. छपाईची चूक सुधारलीत तरी तळटीप द्या. गुपचूप केलेली दुरुस्ती पुढच्याला मूळच वाटते.

टॅब्लेचर, म्हणजे कोणत्या तारेचा कितवा पडदा दाबायचा ते आकड्यांत लिहिणं, द्यावं का? द्या, पण स्वरलेखनाखाली. नुसत्या आकड्यांत मधला आवाज आणि खालचा आवाज वेगळे उरत नाहीत. आणि पीडीएफबरोबर म्यूझस्कोरसारख्या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅमची मूळ फाइलही द्या, म्हणजे दुसऱ्याला बदल करता येतील.

हक्कांचंही बघावं लागतं. अमेरिकेत त्या काळचं छापील संगीत प्रकाशनानंतर ९५ वर्षांनी मोकळं होतं. ब्रिटनमध्ये रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं मोजतात. इंग्लंडचे बँजोवादक आणि रचनाकार जो मॉर्ली १९३७ मध्ये गेले, त्यांच्या रचना तिथे २००८ पासून खुल्या आहेत.

काही मुखपृष्ठांवर कृष्णवर्णीयांची हिणकस चित्रं आहेत, तीही ज्या वाद्याची मुळं आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या हातात आहेत त्याच्यावर. मी ती कापत नाही, शेजारी दोन ओळी लिहितो.

आणि हो, अनेक रचनांना दुसऱ्या बँजोची साथ छापलेली असते. ती सोपी म्हणून लोक गाळतात. गाळू नका. नवशिक्याला पहिल्याच दिवशी कुणाबरोबर तरी बसून वाजवता येतं, ते तिच्यामुळेच.