थंड कोंबडी चालते, गरम चालत नाही

अमेरिकेतलं एक सुपरमार्केट. गरम काउंटरवर भाजलेल्या कोंबड्या, वाफेने धुरकटलेली काच. पलीकडे फ्रीजमध्ये तशीच भाजलेली कोंबडी, पण थंड. सरकारी अन्नमदतीचं कार्ड घेऊन आलेल्या बाईला सहसा ही थंडच मिळते. गरम नाही. त्या कार्डावर साबण नाही, बाळाचे डायपरही नाहीत. योजनेचं नाव स्नॅप. जुनं नाव फूड स्टॅम्प.

गरिबाने काय खावं आणि ते फुकट का खावं, यावर हा देश साठ वर्षं भांडतोय.

जानेवारी १९६४. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन गरिबीविरुद्ध युद्ध पुकारतात. एप्रिलमध्ये ते केंटकीच्या डोंगरात, आयनेझ गावाजवळ, एका गोऱ्या कष्टकऱ्याच्या ओसरीवर उकिडवे बसतात. फोटो देशभर जातो. त्याच सुमारास मॉली ऑर्शान्स्की नावाची सरकारी अर्थतज्ज्ञ स्वस्तातल्या स्वस्त जेवणाचा खर्च काढते आणि त्याला तिनाने गुणते, कारण तेव्हा कुटुंबाची सुमारे एक तृतीयांश कमाई पोटावरच जायची. तीच गरिबीची रेषा. घरभाडं, औषधपाणी कुठल्या कुठे गेलं, तरी अधिकृत रेषेच्या मुळाशी आजही तेच गणित आहे!

१९७६. रोनाल्ड रेगन प्रचारसभांत शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगतात: ऐंशी नावं, तीस पत्ते, वर्षाला दीड लाख डॉलर. बाई खरी होती, लबाडही होती. पण कोर्टात सिद्ध झाले ते सुमारे आठ हजार डॉलर. तोवर ओसरीवरचा गोरा बापुडा लोकांच्या डोळ्यांपुढून गेला होता आणि त्याच्या जागी शहरातली ऐतखाऊ काळी बाई येऊन बसली होती. रेगननी रंगाचा उच्चार केला नाही. गरजही नव्हती.

वीस वर्षांनी गरिबांची मदत आवळणाऱ्या कायद्यावर सही केली ती डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी. केंद्राच्या पैशातून रोख मदत जन्मभरात ६० महिने, तीही कामाच्या अटीवर.

मग २०२१ साली उलटं घडलं. जुलै ते डिसेंबर बहुतेक मुलांमागे महिन्याला २५० ते ३०० डॉलर थेट आईबापांच्या हाती, कामाची अट नाही. करसवलती आणि मदत धरून मोजलेली बालगरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मँचिन अडून बसले: आईबाप कमावत असतील तरच द्या. योजना पुढे सरकली नाही. २०२२चा आकडा, १२.४ टक्के.

जुलै २०२५च्या कायद्याने स्नॅपची कामाची अट ५४ वरून ६४ वर्षांपर्यंत नेली. महिन्याला ८० तास काम दाखवा, नाहीतर तीन वर्षांत तीनच महिने मदत.

आणि नेब्रास्कात १ जानेवारी २०२६पासून त्या कार्डावर कोल्ड्रिंकही बंद.