मोठ्या रायफलीचा सप्रेसर आणि नेमबाजाचे कान

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात नेमबाजीवर बोलायचं म्हटलं की अभिमानानेच सुरुवात होते. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिम्पिकचं कांस्य जिंकलं. तेव्हापासून रेंजवर मुलांची गर्दी वाढली आणि त्यांचे प्रश्नही वाढले. त्यातला एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: ‘लांब पल्ल्याच्या मोठ्या रायफलीला कोणता सप्रेसर चांगला?’ सप्रेसर म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायचं, बंदुकीचा आवाज कमी करणारं उपकरण. आज त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं आहे.

आधी कायदा. बंदुकीचा आवाज किंवा तोंडाशी उठणारी ज्वाळा कमी करणारं कुठलंही उपकरण आपल्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत अगदी पहिल्या वर्गात येतं. सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. उद्यमनगरच्या कारखान्यांतल्या लेथवर तसली वस्तू ‘करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर करणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात. मग बोलायचं कशाला? कारण या जिल्ह्याच्या गावागावांत फौजी आहेत. एका गावाचं तर नावच सैनिक टाकळी आहे. आपल्या सेनेच्या स्नायपरांच्या हाती आता फिनलंडची साको टीआरजी-४२ रायफल आहे, .३३८ लापुआ मॅग्नम काडतुसाची. तिच्याशी ज्यांचा संबंध येतो ती माणसं आपल्याच घरातली आहेत.

खेळातल्या .२२ रायफलीत आणि या रायफलीत फरक किती, ते पाहा (हे आकडे ढोबळमानाने नळीच्या व्यासाचे, इंचांत). .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, दारू ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आगेमागे. .३३८ ची नेहमीची गोळी सोळा ग्रॅमची आणि तिच्यामागे जवळपास सहा ग्रॅम दारू. .२२ च्या स्पर्धेच्या काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर जाते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली. .३३८ ची गोळी ९०० च्या घरात जाते.

इथेच बहुतेकांची समजूत चुकते. मोठ्या रायफलीचे आवाज दोन असतात. गोळी नळीबाहेर पडताच तिच्यामागचा तापलेला, दाबलेला वायू हवेत फुटतो, तो एक. गोळी आवाजापेक्षा वेगाने हवा चिरत जाते, त्याचा कडाका हा दुसरा. सप्रेसर फक्त पहिल्यावर काम करतो. दुसरा आवाज गोळीसोबत थेट लक्ष्यापर्यंत जातो, त्याला नळीच्या तोंडाशी बसवलेली कुठलीही वस्तू अडवू शकत नाही. सिनेमातला ‘फुस्स’ आवाज .३३८ च्या नेहमीच्या गोळीतून निघणार नाही.

हे उपकरण बाजारात आणलं हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याने. १९०९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. मशीनगन बनवणाऱ्या मॅक्सिमचा हा मुलगा. मोटारींचे सायलेन्सरही त्याने केले, आणि दोन्हींमागचं तत्त्व एकच आहे. आपल्या बुलेट मोटारसायकलच्या सायलेन्सरमध्ये धूर जसा कप्प्याकप्प्यांतून फिरत थंड होतो, तसा इथे बंदुकीचा वायू. कप्प्यांच्या त्या पडद्यांना बॅफल म्हणतात. वायूला पसरायला जागा आणि थंड व्हायला थोडा वेळ मिळाला की तो बाहेर पडताना फुटत नाही.

निवडताना पहिली गोष्ट यातूनच निघते: आतली जागा. सहा ग्रॅम दारूचा वायू मावायला लांबी-रुंदी लागते. छोटा, देखणा सप्रेसर .३०८ ला पुरेल, .३३८ ला तोकडा पडेल. पण लांबी वाढली की नळीच्या टोकावर वजन वाढतं आणि रायफल पुढे झुकते. टेकणीवरून मारणाऱ्याला त्याचं फार वाटत नाही. डोंगर चढून जाणाऱ्याला प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतात. त्यासाठी टायटॅनियम आहे, हलकं आणि मजबूत. पण झपाट्याने गोळ्या झाडून ते फार तापलं तर ठिणग्या उडतात आणि धातू झिजतो. स्टेनलेस स्टील किंवा इन्कोनेल (निकेलचा मिश्रधातू) जड असतं, पण उष्णता सोसतं. बोल्टच्या रायफलीतून शांतपणे एकेक गोळी मारणाऱ्याला टायटॅनियम पुरतं, असं माझं मत आहे. नळी आखूड असेल तर तोंडाशी दाब जास्त असतो. म्हणून कोणतं काडतूस आणि किमान किती लांबीची नळी चालेल, हे उत्पादकाने लिहून दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये.

दुसरी गोष्ट उद्यमनगरच्या टर्नरना माझ्यापेक्षा चांगली कळेल. गोळी ज्या भोकातून जाते ते तिच्यापेक्षा थोडंच मोठं असतं. नळीच्या टोकाचे आटे नळीच्या मध्याशी एका रेषेत नसतील, आट्यांमागचा नळीचा खांदा काटकोनात नसेल, तर तिथला केसभर रन-आऊट, म्हणजे मध्यापासूनचा फरक, सप्रेसरच्या दुसऱ्या टोकाला कितीतरी पटीने वाढतो. मग गोळी बॅफलला घासते. आधी नेम फिस्कटतो, नंतर सप्रेसर फुटतो. महागडा सप्रेसर वाकड्या आट्यांवर बसवण्यापेक्षा साधा सप्रेसर अचूक आट्यांवर बसवलेला कधीही बरा. झटकन काढता-घालता येणारी जोडणी सोयीची असते, पण दर वेळी तो त्याच जागी तसाच बसतो का, हे कागदावर गोळ्या मारून पाहावं लागतं. सप्रेसर लावला की नळीचं कंपन बदलतं आणि गोळी दुसरीकडे लागते. हा बदल कायम तेवढाच राहत असेल तर दुर्बीण जुळवून काम भागतं. रोज वेगळा येत असेल तर तो सप्रेसर अचूक नेमबाजीच्या कामाचा नाही.

दहा-बारा गोळ्यांनंतर तापलेल्या सप्रेसरवरची हवा हलू लागते आणि दुर्बिणीत लक्ष्य थरथरतं. वर कापडी वेष्टन घालतात; चित्र स्थिर होतं, पण आतली उष्णता निघायला वेळ लागतो.

आता डेसिबल. जाहिरातीत एकच मोठा आकडा असतो: ‘३० डेसिबल कमी’. तो कुठे मोजला, हे विचारा. नळीच्या तोंडाजवळ मोजलेला आणि नेमबाजाच्या कानाशी मोजलेला आकडा वेगळे असतात, आणि तुमचा कान नळीच्या तोंडापाशी नसतो. शिवाय थंड सप्रेसरमध्ये आधीचा प्राणवायू असतो, त्यात उरलेली दारू जळते, म्हणून पहिली गोळी बहुधा पुढच्यांपेक्षा मोठी वाजते. नुसती सरासरी सांगितली तर हे झाकलं जातं.

विना-सप्रेसर मोठ्या रायफलीचा आवाज १७० डेसिबलच्या आसपास असतो. एका क्षणाच्या आवाजासाठी कानाला धोक्याची रेषा १४० धरतात. ३० डेसिबल उतरले म्हणजे हवेतला दाब जवळपास बत्तीस पटींनी कमी झाला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण १७० मधून ३० गेले तरी उरतात १४०, म्हणजे आपण त्या रेषेवरच उभे. सप्रेसर लावूनही कान झाकावेच लागतात. आणि धक्का कमी करणारा मझल ब्रेक लावला असेल, तर तो वायू बाजूला आणि मागे वळवतो. स्वतःचा खांदा वाचतो, शेजारच्याच्या कानठळ्या बसतात.

फिनलंड-नॉर्वेत शिकारी सर्रास सप्रेसर वापरतात, आणि तिथे त्याकडे कानाच्या संरक्षणाचं साधन म्हणूनच पाहिलं जातं. आपल्याकडे ते साधन नाही, म्हणून आपली काळजी जास्त हवी. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास होतं. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण गर्दीत शब्द कळत नाहीत, रात्री कानात शिट्टी वाजत राहते. उजव्या हाताच्या रायफल नेमबाजाचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, बहुतेक वेळा तोच आधी जातो. निवृत्त फौजी डावीकडून हाक मारल्यावर वळत नाहीत, तेव्हा घरचे म्हणतात, वय झालं. वयाने सहसा दोन्ही कान सारखेच उतरतात.

म्हणून रेंजवर येणाऱ्या प्रत्येकासाठी सांगतो. .२२ ला कान झाका. मोठ्या रायफलीजवळ असाल तर आत फोमचे बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोट ठेवायचं. अर्धा बाहेर राहिलेला बोळा जवळजवळ निरुपयोगी असतो. चष्म्याच्या जाड काड्यांमुळे इअरमफला फट पडते, तेही तपासा. पालकांनो, मुलाला पहिली रायफल देण्याआधी कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून तो कागद जपून ठेवा, आणि दर वर्षी नवा कागद त्याच्याशी ताडून पाहा.