मारणारा हात आणि ओढणारा हात

नमस्कार. मघाशी दारात एका ताईंनी विचारलं, सर, मुलाला ज्युदोला घालू का कराटेला, दोन्ही सेमच ना, तेच पांढरे कपडे, तोच बेल्ट? म्हटलं आत बसा, तिथूनच सुरुवात करतो. कपडे सेम दिसतात कारण कराटेने ते ज्युदोकडून घेतले. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात जुन्या जुजुत्सूमधून, म्हणजे जपानी झुंजीच्या जुन्या विद्येतून, ज्युदो उभा केला, ब्लॅक बेल्टच्या दान ग्रेडही, म्हणजे पायऱ्याही, त्यांनीच सुरू केल्या. कराटे मूळचं जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाचं. तिथले शाळामास्तर गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ते दाखवायला टोकियोला आले तेव्हा कानोंनी त्यांना मुद्दाम आपल्या कोदोकानमध्ये, म्हणजे ज्युदोच्या शाळेत, बोलावलं, आणि १९२४ मध्ये फुनाकोशींनीही आपल्या विद्यार्थ्यांना दान दिल्या.

पण ताई, दोन्ही ड्रेस हातात घेऊन बघा. ज्युदोचा जाड विणीचा, कॉलर तर चांगली दणकट, कारण समोरचा त्यालाच धरून तुम्हाला उचलून टाकणार. कराटेचा पातळ, त्याला कोणी लोंबकळत नाही.

आता मूठ. सगळ्यांनी करा, आजोबा तुम्हीपण. आधी बोटांची टोकं आत घ्या, मग बोटं मुळापासून दुमडा, अंगठा बाहेरून पहिल्या दोन बोटांवर आडवा. आत ठेवला तर समोरच्याचं राहू दे, आधी तुमचाच अंगठा जायचा. आणि लागलं पाहिजे ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनी, कारण त्यांच्या मागची हाडं मनगटाशी घट्ट बसलेली असतात, करंगळीकडची सैल. त्या बाजूने जोरात बसलं की करंगळीमागचं हाड मोडतं. माझं मोडलंय, बावीस वर्षांचा होतो, बॅगवर घाईघाईत मारताना, अजून ती गाठ आत बसलेली आहे, नंतर पुढे येऊन हात लावून बघा. म्हणून कराटेत नुसती मूठ नसते. शुतो म्हणजे तळव्याची करंगळीकडची कड, तेत्सुई म्हणजे मुठीचा बुडखा हातोडीसारखा, तेइशो म्हणजे मनगटाजवळचा तळव्याचा मांसल भाग. मुलींना मी पहिल्यांदा तेइशोच शिकवतो, बोटं दुखावण्याचा धोका त्यात सगळ्यात कमी.

लोकांना वाटतं ज्युदोत मारणं नाहीच. आहे! त्याला आतेमी म्हणतात, फक्त ते काता मध्ये, म्हणजे दोघांनी आधीच ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींत ठेवलंय, सरावाच्या झुंजीत आणि स्पर्धेत बंद. किमे-नो-काता नावाच्या कातातल्या एका प्रकारात दोघं गुडघ्यावर बसलेले असतात, समोरचा पोटात ठोसा मारतो, तुम्ही बाजूला सरकून त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध मूठ मारता आणि तो सावरायच्या आत त्याचा हात लॉक. कानोंना पोरांनी रोज पूर्ण ताकदीने झुंजावं असं वाटत होतं, आणि रोज पूर्ण ताकदीने ठोसे मारले तर आठवड्याभरात क्लास रिकामा, म्हणून त्यांनी फेकणं, दाबून धरणं, गळा आवळणं आणि कोपराचं लॉक एवढं मोकळं ठेवलं.

आता माझा खरा मुद्दा. कराटेचा ठोसा बघताना सगळे मारणाऱ्या हाताकडे बघतात, तुम्ही दुसऱ्याकडे बघा, तो कंबरेशी मागे खेचला जातो, त्याला हिकिते म्हणतात, ओढणारा हात. बऱ्याच क्लासमध्ये सांगतात की याने ठोश्याला जोर येतो, आणि तिथेच थांबतात. पण ओकिनावाच्या जुन्या पद्धतीत तो हात रिकामा नसतो, त्यात समोरच्याचं मनगट किंवा बाही असते, तुम्ही त्याला ओढून ठोश्यावर आणता. आणि ज्युदोत बाही धरणाऱ्या हाताला काय म्हणतात? हिकितेच! तोच शब्द, तेच काम, समोरच्याचा तोल काढायचा. तोल गेल्यावर ज्युदोवाला कंबर आत घालतो आणि कराटेवाला मूठ, फरक तिथे सुरू होतो. मी दहा वर्षं हा हात हवेत ओढत होतो, एका ज्युदोवाल्याने माझी बाही धरली तेव्हा कळलं तो कशासाठी आहे.

ताई, तुमचा मुलगा अंगाला अंग भिडवून खेळणारा असेल तर ज्युदो. आखाड्यातली पोरं तिथे लवकर रुळतात, फक्त पट काढायची सवय सोडावी लागते, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०१० पासून थेट पायाला हात घालायला बंदी आली. त्याला अंतर ठेवून, टायमिंगवर खेळायला आवडत असेल तर कराटे. कुठेही घाला, पहिल्या दिवशी सरांना विचारा की हा मागचा हात काय करतो. चला, आता दोघं जण मॅटवर या, एकाने दुसऱ्याची बाही धरा, कोपराजवळ, हां, आणि ओढा.