एका खेपेत मावणारा बेस

(दृश्य : विजापूर रोड. मंगल कार्यालयाचं मागचं फाटक. टेम्पो रिकामा होतोय.)

मे महिना. दुपारचे चार वाजून गेले तरी सोलापूरचं ऊन खाली यायला तयार नाही. टेम्पोतून ड्रमच्या पेट्या उतरतायत. कीबोर्ड, त्याचा स्टँड, ऑक्टोपॅड, साऊंडवाल्याच्या केबलींचं पोतं. एकेका नगाला दोन-दोन माणसं लागलीत. त्यांच्या मागून अण्णा उतरतात. पाठीवर लांब बॅग, उजव्या हातात चौकोनी पेटी, खांद्यावर टॉवेल. कुणाला हाक न मारता ते स्टेजच्या पायऱ्या चढतात. त्यांचं सगळं सामान वर पोचलं.

अण्णा बेस गिटार वाजवतात. लग्नाच्या स्वागत समारंभात, गणपतीत, नवरात्रात, भीमजयंतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. आज विजापूर रोड, उद्या बार्शी, परवा अक्कलकोट. ऑर्केस्ट्रात हातानं वाजवलेला बेस टिकायचा असेल, तर तो एका माणसाला एका खेपेत उचलता आला पाहिजे. ही फिल्म आम्ही त्यासाठीच केली.

(दृश्य : गोडाऊन. धूळ खात पडलेला जुना स्पीकर. दोन पोरं तो ओढून उजेडात आणतायत.)

हा अण्णांचा जुना संच. पंधरा इंची स्पीकर, जाड प्लायची पेटी आणि वर लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर. पोरांच्या चेहऱ्याकडे बघा, वजन सांगायची गरज नाही.

बेसवाल्याच्याच वाट्याला एवढं ओझं का येतं? बेसची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. त्या सुराची एक लाट हवेत आठ मीटरहून लांब पसरते. ती उठवायची तर बरीच हवा हलवावी लागते, म्हणून स्पीकर मोठा. त्यात माणसाचा कान खालच्या सुरांना मंद आहे. गायकाचा आवाज जेवढ्या वॅटमध्ये मांडवभर होतो, तेवढाच बेस ऐकू यायला कितीतरी जास्त वॅट लागतात.

खरं तर बेस गिटार जन्माला आला तोच ओझं कमी करायला. त्याआधी बँडमध्ये डबल बेस असायचा, माणसाहून उंच, आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गलक्यात ऐकूही न येणारा. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. गळ्यात अडकवायचा, मानेवर पडदे (फ्रेट) असलेला, ३४ इंची मापाचा, म्हणजे वाजणारी तार तेवढी लांब. वाद्य हलकं झालं, पण ओझं अ‍ॅम्पमध्ये जाऊन बसलं. १९६९ साली अमेरिकेतल्याच अँपेग कंपनीनं मोठ्या मैदानांसाठी ३०० वॅटचा एसव्हीटी काढला. नुसता अ‍ॅम्प ३५ किलोच्या पुढे, आणि त्याच्याखालची आठ स्पीकरांची पेटी ६० किलोच्या पुढे. जगभरच्या बेसवाल्यांनी त्याची स्वप्नं पाहिली. बार्शीच्या लग्नात तो नेणार कोण?

(दृश्य : तेच गोडाऊन. अण्णा पेटीवरून हात फिरवतात.)

मग ऑर्केस्ट्राच्या मालकांनी हिशेब केला. बेसचं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे गेलं, नाहीतर आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर. एक मानधन वाचलं, टेम्पोत जागा झाली. अण्णांच्या बरोबरीचे काही जण वाजवायचे थांबले, आणि अण्णांच्या कमरेचा पट्टा त्याच दिवसांतला आहे.

(दृश्य : पूर्व भाग. यंत्रमागाचा कारखाना. मागावर टॉवेल उतरतोय. धोट्याचा आवाज.)

अण्णांचं घर पूर्व भागात. भिंतीला भिंत लागून यंत्रमाग. माग सुरू झाले की घरात बोललेलं ऐकू येत नाही. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि कलबुर्गीकडची सुपारी आली की कन्नड.

अण्णांच्या कानाला बेस पहिल्यांदा लागला तो संगीतकार इळैयराजांच्या तेलुगू गाण्यांतून. त्यांच्या गाण्यात बेस नुसता ठेका धरत नाही, गायकाच्या चालीखालून स्वतःची वेगळी चाल घेऊन पळतो. मग राहुलदेव बर्मन यांची गाणी आली, त्यांच्या वादकांत बेसला टोनी वाझ असायचे. कॅसेट पुन्हा पुन्हा मागे घेऊन अण्णांनी या चाली बोटांवर बसवल्या. तसा बेस डाव्या हाताच्या चार कीजवर येत नाही. बोट तारेवरून घसरतं, तार दाबून लगेच सोडली जाते, मधे श्वासाएवढी जागा राहते. ऐका.

(दृश्य : अण्णा माग चालू असताना सराव करतायत. बोटांचा क्लोजअप. मूळ आवाज दहा सेकंद.)

अण्णांच्या कानात हेडफोन आहेत. बेसच्या भोकात जे छोटंसं यंत्र खोचलंय, तो बॅटरीवर चालणारा हेडफोन अ‍ॅम्प. खिशात मावतो. मागांच्या खडखडाटात दुसऱ्या कशावरही खालचे सूर ऐकू येणार नाहीत. शेजारच्यांना त्रास नाही, वीज गेली तरी सराव चालू.

(दृश्य : स्टेज. अण्णा बॅगेची चेन उघडतात. एकेक वस्तू सतरंजीवर.)

आता बॅग.

आधी वाद्य. हा शॉर्ट स्केल बेस आहे. ३४ ऐवजी साधारण ३० इंची माप. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांच्या हातातला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर याच घराण्यातला. शॉर्ट स्केलचे पडदे जवळजवळ असतात, बोटांना ताण कमी, आणि एसटीच्या सीटशेजारी दोन गुडघ्यांच्या मधे तो उभा राहतो. तार थोडी सैल असते, म्हणून ईचा सूर जरा गोल, जाड येतो. काहींना तो आवडत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, जिथं आधीच भिंतीला भिंत घुमते, तिथं तो उलट बरा बसतो असं आम्हाला शूटिंगच्या वेळी वाटलं.

याहून आटोपशीर हवा असेल तर हेडलेस बेस. त्याला वरचं डोकंच नसतं, खुंट्या खालच्या टोकाला. पूर्ण ३४ इंची माप असूनही लांबी मीटरभरात बसते. पाच तारांच्या बेसबद्दल मात्र अण्णांचं मत पक्कं आहे. पाचवी तार सेकंदाला ३१ कंपनांपर्यंत खाली जाते, आणि तो सूर आपल्याकडच्या मांडवातल्या स्पीकरांना झेपत नाही. जे लोकांपर्यंत पोचणार नाही, ते खांद्यावर का वागवायचं? एखाद्या गाण्यात फारच खाली जायचं असेल तर अण्णा ईची तार डीपर्यंत उतरवतात.

पट्टा रुंद, तीन इंची. तासन् तास उभं राहायचं असतं, अरुंद पट्टा खांद्यात रुततो. बॅगेचे कप्पे जाड फोमचे. कडक पेटी विमानासाठी ठीक, जिन्यावर आणि मोटरसायकलवर ती अडचण.

(दृश्य : अण्णा बेसची मान डोळ्यासमोर धरून बघतात. हातात अ‍ॅलन की.)

हे सोलापुरात फार महत्त्वाचं. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत लाकूड सुकतं, मान मागे झुकते आणि तारा पडद्यांवर खरखरतात. पावसाळ्यात ओल धरून ती उलट पुढे वाकते, तारा वर उचलल्या जातात. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. अण्णा अ‍ॅलन कीनं ती पाव आटा फिरवतात, थांबतात, वाजवून बघतात, मग पुन्हा. एकदम कधीच नाही. आणि उन्हात उभ्या टेम्पोत बेस ठेवायचा नाही. जेवायला जातानासुद्धा तो त्यांच्याबरोबर असतो.

(दृश्य : चौकोनी पेटी. मागचं पॅनेल.)

उजव्या हातातली पेटी ही. तिघांच्या जेवणाचा डबा मावेल एवढीच दिसते. आत दहा इंची स्पीकर आणि अ‍ॅम्प, दोन्ही. वजन दहा-अकरा किलो.

दोन गोष्टींमुळे हे जमलं. पहिली, क्लास डी अ‍ॅम्प. जुन्या अ‍ॅम्पमध्ये बरीच वीज उष्णतेत जायची, म्हणून ती बाहेर टाकायला अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्या आणि लोखंडाचा अवजड ट्रान्सफॉर्मर लागायचा. क्लास डीमधले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, अर्धवट अवस्थेत रेंगाळत नाहीत, त्यामुळे तापतात कमी. दुसरी, निओडिमियम चुंबक. १९८०च्या दशकात ते बाजारात आलं आणि स्पीकरमागचा जड गोळा गेला. तेवढीच ओढ आता खूप लहान चकतीतून मिळते.

ही पेटी हॉल भरणार नाही. भरायचीही नाही. ती अण्णांना आणि ड्रमवाल्याला ऐकू येण्यापुरती. लोकांपर्यंतचा बेस साऊंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरातून जातो. नव्या पोरांना हे उमगत नाही. अ‍ॅम्पचा आवाज वाढवला म्हणजे बेस वाढला असं त्यांना वाटतं, आणि स्टेजवर नुसता गडगडाट होतो.

(दृश्य : मिक्सर. साऊंडवाला हात हलवतो. "अण्णा, लाईन द्या की!")

आणि लाईन द्यायचं यंत्र हे. डीआय. तळहातावर मावतं. बेस इकडून आत, तिकडून तीन पिनांची केबल थेट मिक्सरला. बेसचा कच्चा सिग्नल लांबच्या केबलीत वरचे सूर गमावतो आणि वाटेतली खरखर उचलतो. डीआय त्याला असा तयार करून देतो की पन्नास मीटर गेला तरी स्वच्छ पोचतो. अण्णांच्या डीआयमध्येच बास, मिडल, ट्रेबलची बटणं आहेत, त्यामुळे मिक्सर कुठलाही असो, त्यांचा आवाज त्यांचाच राहतो. पैसे एकाच वस्तूला पुरत असतील तर अ‍ॅम्पच्या आधी डीआय घ्यावा. हे आम्ही अगदी ठामपणे सांगतो.

(दृश्य : अण्णा स्टेजवरून उतरून मिक्सरपाशी जातात. एका बटणावर बोट.)

हे बघा. अण्णा साऊंडवाल्याला काही न बोलता एक बटण दाखवतात. लो कट. माईकसाठी ते दाबलेलं असतं, ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापतं. बेसच्या चॅनेलवर ते दाबलेलंच राहिलं तर ई तारेचा पाया जातो आणि मग लोक म्हणतात, बेस असून नसल्यासारखा. साऊंडवाला बटण वर करतो. फरक ऐका.

(मूळ आवाज, पाच सेकंद.)

आता हमिंग. लाईट आणि साऊंड एकाच जनरेटरवर असले की स्पीकरमधून पन्नास हर्ट्झची घरघर येते. काही ठिकाणी साऊंडवाले ती घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. असं कधीही होऊ देऊ नका. बेसच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. तुमचा हात तारेवर आणि ओठ माईकच्या जाळीला, आणि दोघांचा अर्थ वेगळा, तर झटका ओठाला बसतो. जीव जाऊ शकतो. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या केबलीतला अर्थ तोडतं, घरघर त्यानं घालवायची. अण्णा स्वतःचा तीन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड आणतात आणि स्टेजवर टेस्टर लावून बघितल्याशिवाय बेस गळ्यात घालत नाहीत.

(दृश्य : केबल गुंडाळणं.)

केबली दोन, एक वापरायची, एक राखीव. कोपराभोवती करकचून गुंडाळल्या की आतली तार पिळते आणि तुटते. अण्णा एक वेढा सरळ, एक उलटा असे घेतात. वेगळ्या पेटीचा संच असेल तर स्पीकरची केबल निराळी लागते. गिटारची केबल तिथं लावली की ती तापते, अ‍ॅम्पही जाऊ शकतो.

बाकी किरकोळ. डोक्याला चिमट्यानं लावायचा ट्यूनर, तो लाकडाचा कंप घेतो, म्हणून गोंगाटातही चालतो. काळी चिकटपट्टी. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला बेस असेल तर केबल खोचली की बॅटरी खर्च व्हायला लागते, म्हणून चहाला जाताना केबल काढायची. वायरलेस नाही. बरेच स्वस्त वायरलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याच पट्ट्यात हॉलमधलं वायफाय आणि ब्लूटूथ.

(दृश्य : कार्यक्रम. दिवे. बेसवर अण्णांचा हात, पाठीमागे नाचणारी वऱ्हाडी मंडळी.)

गाणं तेलुगू आहे, नाचणारे निम्मे मराठी.

(दृश्य : कार्यक्रमानंतर. रिकाम्या खुर्च्या. कॉलेजातली एक मुलगी अण्णांचा बेस गळ्यात घालून बघते.)

ही अण्णांकडे शिकायला येते. बेस घ्यायचाय, पण पैसे मोजकेच आहेत. अ‍ॅम्प कितीचा घेऊ, असं विचारते.

"अ‍ॅम्प आत्ता नको बाळा," अण्णा म्हणतात. "वापरलेला शॉर्ट स्केल बघू. मान सरळ आहे का ते मी बघतो. एक चांगली केबल घे, आणि तो खिशातला हेडफोनचा घे. बार्शीला तू दोन गाणी वाजव, लाईन माझ्या डीआयमधून देऊ."

"आणि न्यायचं कसं?"

"तुझ्या स्कुटीवर. मागं उभा बांधला की झालं."